पोलंडचा फॉरवर्ड आणि आमच्या गावचा कौल

पोलंड हा देश नकाशात नेमका कुठे आहे हे माझ्या आजोळी कुणालाही धड ठाऊक नव्हतं, पण तिथल्या एका फुटबॉलपटूची अख्खी कारकीर्द घरातल्या मांजरालासुद्धा पाठ होती. त्याच्या पहिल्या बुटांचं माप, बापाची रेल्वेतली नोकरी, कोबीच्या सूपचा त्याला असलेला तिटकारा, सगळं. सख्ख्या चुलत्यांचे वाढदिवस विचारले असते तर आम्ही अडखळलो असतो. या सगळ्याला जबाबदार माझा मामा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. मामा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा, मॅट्रिकला एकदा आपटलेला आणि दुसऱ्यांदा कसाबसा तरलेला. कुणाच्या तरी ओळखीने तो छावणीच्या कोठारात कारकून म्हणून चिकटला. बटाटे, पीठ आणि साबण वजन करून द्यायचे, एवढंच काम. छावणीत बहुतेक बायका आणि मुलं. स्वयंपाकघरासाठी बटाटे न्यायला रोज एक मुलगी यायची, मामापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा भाऊ पोलंडात फुटबॉल खेळायचा आणि ती त्याच्याबद्दल बोलायची. तिला मराठी येत नव्हतं, मामाला पोलिश येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही सारखंच येत नव्हतं. तरीही चार वर्षांत तिने भावाचं सगळं आयुष्य मामाच्या डोक्यात उतरवलं. माझी मामी म्हणायची, "बटाटे जोखूक चार वर्सां लागतत?"

मी हे सांगते आहे तो काळ ऐंशीच्या दशकातला. आमचा जिल्हा रत्नागिरीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि प्रत्येक जण आपण आता जिल्ह्याच्या ठिकाणी कामं करून आणू शकतो असं बजावून सांगत होता. मी मालवणातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, त्यामुळे साऱ्या गावाला पुरून उरेल एवढी काळजी मी एकटी पुरवत होते. आजोळ एसटीने वीस मिनिटांवर, म्हणून मी मामाकडेच राहायचे. मामा माझ्याच शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनला घाबरून तो दर वर्षी पुढची तारीख सांगायचा.

मामाच्या सांगण्याप्रमाणे त्या फुटबॉलपटूचा बाप इंजिनात कोळसा टाकायचा. गाव म्हणजे मोठं जंक्शन. मालगाड्यांच्या यार्डात पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळत. पहिले बूट त्याला बापाच्या साहेबाने दिले. ते दोन नंबर मोठे होते म्हणून तो पुढे कागद कोंबायचा. "वर्तमानपत्राचो कागद," मामा मुद्दाम सांगायचा, जणू दुसरा कुठला कागद असता तर गडी फुकट गेला असता. मग रेल्वे कामगारांच्या क्लबात तो सेंटर फॉरवर्ड झाला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून गोल मारणारा. तिथून एका मोठ्या शहरातल्या क्लबाने त्याला उचललं. दोन हंगाम तो तुफान खेळला. पोरी त्याला बघायला कुंपणाशी उभ्या राहायच्या. मामी स्वयंपाकघरात असली तर मामा हा भाग गाळत असे.

शेवटी देशाच्या संघात निवड झाली. परदेशात सामना. गावाने बँड लावून त्याला गाडीत बसवलं, आईने डबा दिला. आणि तिथे गडी पूर्ण सामनाभर ओव्हरकोट घालून बाकावर बसला. खेळाडू मध्येच बदलायची पद्धत तेव्हा नव्हती, राखीव म्हणजे राखीव. परत आल्यावर गावाने पुन्हा बँड लावला. बहिणीने विचारलं, कसं झालं, तर तो म्हणाला, "कोट झकास होतो." हे पोलिश माणसाचं वाक्य मामा मालवणीत सांगायचा आणि ते मूळचंच मालवणी असल्यासारखं वाटायचं. मला हा भाग फार आवडे. आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांची कारकीर्द अशीच होती.

मग लढाई पेटली. देशाचे दोन तुकडे झाले, एकावर जर्मन बसले आणि दुसऱ्यावर रशियन. भाऊ जर्मनांकडच्या शहरात अडकला. बहीण आणि आई पूर्वेला मावशीकडे गेल्या होत्या, त्यांना रशियनांनी मालगाडीत कोंबून सैबेरियात नेऊन टाकलं. आई तिथेच गेली. बहीण पुढे इराण, तिथून जहाजाने हिंदुस्थान असं करत मामाच्या कोठारापर्यंत पोचली. तिकडे जर्मनांनी पोलिश लोकांना फुटबॉल खेळायलाच बंदी केली. क्लब बंद, मैदानं बंद, सापडला तर थेट तुरुंग. पण ही माणसं खेळायची थांबली नाहीत. शहराबाहेर विटांच्या भट्ट्यांमागे जमायची, चार कोपऱ्यांना चार जण पहाऱ्यावर. भावाचं शेवटचं पत्र तिला सैबेरियात मिळालं, त्यात त्याने आडवळणाने लिहिलं होतं की शिट्टीचा आवाज लांब जातो, म्हणून आमचा पंच रुमाल हलवतो. गोल झाला तरी कुणी ओरडायचं नाही. बघायला आलेली माणसं तोंडावर हात धरून उभी असतात.

इथे मामा थांबायचा. खिशातला रुमाल काढून हवेत एकदा हलवायचा, त्यानेच घाम पुसायचा आणि उठायचा. "मगे काय झाला?" असं मामी तीस वर्षं विचारत आली होती. "मगे काय होतला? लढाई संपली," म्हणत मामा विहिरीवर पाय धुवायला जायचा.

निवृत्तीनंतर तो शाळेच्या फुटबॉल संघाचा स्वयंघोषित गुरू झाला. जन्मात त्याने चेंडूला पाय लावला नव्हता, पण आपल्याकडे गुरू व्हायला तेवढं ज्ञान पुरतं. ओहोटी लागली की किनाऱ्यावर सराव चाले. एकदा त्याच्या डोक्यात आलं की मुकी मॅच खेळायची, त्या पोलंडवाल्यांसारखी. कुडाळचा संघ बोलावला. शिट्टी नाही, ओरडणं नाही, पंच म्हणून मामा आणि त्याचा रुमाल. मालवणी माणसाला गप्प बसवणं जर्मनांनाही जमलं नसतं. तिसऱ्या मिनिटाला आमचा गोलकीपर आणि आमचाच बॅक एकमेकांच्या खानदानावर उतरले. मामाने त्यांना थांबवायला रुमाल जोरजोरात हलवला. तेव्हा पलीकडे होड्यांची वाट बघत बसलेल्या मासळीवाल्या बायकांना वाटलं, होडी लागली, हा माणूस खूण करतोय. पाट्या घेऊन त्या थेट मैदानातून धावल्या. मासे नाहीत हे कळल्यावर त्यांनी मामाचा जो उद्धार केला तो पोलंडातसुद्धा ऐकू गेला असेल. मॅच तिथेच संपली.

मी हसून हसून रडले होते. घरी येताना मामा रुमालातली वाळू झटकत होता. वाटेत एवढंच म्हणाला, "थंय हसाक पण बंदी होती गो." मला तेव्हा वाईट वाटलं, पण हसू आवरलं नाही.

आता कौलाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे विहीर खणायची, लग्न ठरवायचं, घर बांधायचं तर आधी गावच्या देवाला विचारतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होय, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. यावर अपील नाही. आणि पडलेला कौल जसाच्या तसा सांगायचा, त्यात फिरवाफिरव केलेली देवाला चालत नाही.

माझा यावर विश्वास नव्हता. ओली पाकळी वाळली की पडते, जी आधी वाळते ती आधी पडते. आणि घरात हे उघड बोलायची मला मोकळीक होती, कारण मामाने स्वतः आयुष्यात एकाही कामाला कौल घेतला नव्हता. लग्न तसंच केलं. विहीर तर त्याने मनाला येईल तिथे खणली आणि पाणी लागलं मचूळ. भात शिजवायला मामी शेजारच्या विहिरीवरून कळशी आणायची आणि प्रत्येक खेपेला नवऱ्याच्या सुधारकपणाला नावं ठेवायची. कोल्हापूरला राहून हा माणूस पुढारलेला झाला असं गाव समजायचं. मलाही त्याचा अभिमान वाटे. पुढारलेला माणूस देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन बाहेरूनच का हात जोडतो, हे मी कधी विचारलं नाही.

मग एक दिवस पत्र आलं. परदेशी तिकीट, वर चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता. मामाला वाचता येईना म्हणून मी वाचलं. मोडक्या इंग्रजीत बाईने लिहिलं होतं, "छावणीतल्या आम्ही काही जुन्या मैत्रिणी कोल्हापूरला येत आहोत. मी तुला भेटायला तुझ्या गावी येणार. माझ्या भावाचं काय झालं ते तुला सांगायचं आहे. आणि तुझ्या देवाकडे माझं एक काम आहे."

मामा पडवीत उभा होता तो खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणायला उठले तर त्याने माझं मनगट धरलं.

"वाचलंस ता परत वाच."

मी परत वाचलं. मग विचारलं, "मामा, तुझा कुठला देव? तुझा कुठे देव आहे?"

तेव्हा त्याने तीस वर्षं गाळलेला शेवट सांगितला. लढाई संपली आणि छावणी उठायची वेळ आली. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. मैत्रिणींबरोबर इंग्लंड, त्याचे कागद तयार होते. नाहीतर परत पोलंड, पण तिकडे कुणीच उरलं नव्हतं, भाऊ सोडून, आणि भावाचा काही पत्ता नव्हता. तो असेल तरच ती जाणार होती. मामा तिला म्हणाला, आमच्या देवाला विचारू, तो खोटं सांगत नाही. रजा काढून तो गावी आला आणि त्याने गुरवाला कौल लावायला सांगितलं. भाऊ जिवंत असेल तर उजवा दे. गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच डावी पाकळी पडली.

"म्हणजे मेला," मी म्हटलं.

"मेलो. मी परत छावणीत गेलंय. ती कोठाराच्या दारात उभी होती, हातात रिकामी पिशवी. माझ्या तोंडाकडे बघी होती. मी तोंड उघडलंय ता डावो म्हणान सांगूक. आणि उजवो म्हणान सांगितलंय."

"अरे, पण का?"

"तिचा तोंड बघवला नाय गो."

तिने इंग्लंडचे कागद त्याच्यासमोर फाडले. पुढच्या जहाजाने ती पोलंडला गेली. बेचिराख झालेल्या देशात, ओळखीचं माणूस नसताना, मेलेल्या भावाच्या शोधात, आणि तिला तिकडे धाडलं कुणी, तर मामाने. त्याने तिला कधी पत्र लिहिलं नाही, उत्तर येईल या भीतीने. आणि देवाचा शब्द फिरवलेला माणूस देवाला पुन्हा काही विचारणार कुठल्या तोंडाने? पुढारलेपणा तो एवढाच.

मी चिडले. "सरळ डावा म्हणून सांगायचं होतंस. पाकळीच ती. ती इंग्लंडला गेली असती, सुखात राहिली असती." मास्तरणीचा आवाज लागला होता माझा. मामा मान खाली घालून ऐकत होता.

दाराआडून मामी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "म्हणजे बावीचो कौल ह्याच्यासाठी घेवक नाय? तीस वर्सां मी शेजारसून पाणी व्हावतंय, ता तुमच्या ह्या बटाटेवालीच्या पायी?"

मामाने खिशातला रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

"ती आवडा होती काय तुमका?"

"व्हय," मामा म्हणाला.

मामीने कमरेवरचे हात काढून पदर खोचला. मग म्हणाली, "येवंदे. पण तिका खरा सांगायचा. तुमी नाय सांगितल्यात तर मी सांगतलंय." आणि आत जाऊन तिने भांडी आपटली. किती वेळ आपटत होती.

बाई कोल्हापूरच्या एसटीतून दुपारी उतरली. माझ्या डोळ्यांसमोर दुःखी, सडपातळ, डोळ्यांत इतिहास वगैरे असलेली कुणीतरी होती. उतरली ती गोल गरगरीत, लालबुंद, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला फडकं. मामीपेक्षा दुपटीने जाड आहे हे बघून मामीचा चेहरा जरा निवळला. मामाने पोलिशमध्ये नमस्कार केला, "जेन दोब्री." बाई कोल्हापूरच्या बाजारातलं जपून ठेवलेलं मराठी म्हणाली, "किती? फार महाग!" आणि मोठ्याने हसली. मग दोघंही एकमेकांचे हात धरून उभे राहिले आणि मामी रिक्षा बघायला गेली.

जेवायला बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. बाईने बांगड्याचे काटे असे सफाईने काढले की मामीने न विचारता दुसरा वाढला. जेवण झाल्यावर मामा तिला अर्धा तास नारळांबद्दल सांगत होता. माड किती, त्यांना रोग कोणता. मी निमूटपणे सगळं इंग्रजीत करत होते. मामी दारातून डोळे वटारत होती. शेवटी बाईनेच हात वर केला आणि सांगायला सुरुवात केली. पुढे मी तिचं इंग्रजी मराठीत करत गेले.

विटांच्या भट्टीमागची एक मॅच कुणीतरी फितूर होऊन पकडून दिली. खेळाडू धरले गेले. त्यातल्या भावाला एका जर्मन अधिकाऱ्याने ओळखलं, लढाईआधी त्याचा खेळ बघितला होता. त्या शहरात जर्मनांनी स्वतःचा संघ काढला होता. भावाची आजी जर्मन होती. अधिकारी म्हणाला, कागदावर सही कर, तू आमचा, आमच्यातून खेळ. नाहीतर बाकीच्यांबरोबर जा. त्याने सही केली. बाकीचे गेले ते परत आले नाहीत.

मग सेंटर फॉरवर्ड पूर्ण हंगामभर जर्मनांच्या संघातून खेळला आणि त्याने एकही गोल केला नाही. समोर मोकळा गोल असला तरी चेंडू बाहेर. शेवटी त्यांनी त्याला हाकलून रेल्वेच्या हमालीला लावलं.

"मुद्दाम!" मामा ओरडला. "मुद्दाम मारी नव्हतो!"

मी भाषांतर केलं. बाईने मान हलवली. "सगळे तसंच म्हणतात. मीही त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, नाही गं, मला मारायचा होता. पाय चालत नव्हते." मामाचं तोंड उतरलं. चाळीस वर्षं जपलेला हिरो त्याच्या हातातून निसटत होता. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं.

"त्याका तू विचारलंस? तो... होतो?"

"होता," बाई म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना."

ती पोलंडला पोचली तेव्हा भाऊ त्यांच्या जुन्या गावात, यार्डाशेजारच्या एका खोलीत पडून होता. जर्मनांसाठी खेळला म्हणून त्याला मैदानावर पाय ठेवायची बंदी. गेलेल्यांच्या बायका रस्त्यात बघून थुंकायच्या. लढाईत केलेली बायको सोडून गेलेली. तो खात नव्हता, उठत नव्हता. शेजारणीने बाईला सांगितलं, आता आठवडाभराचा सोबती. बाई पत्र्याची ट्रंक घेऊन आत शिरली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "ऊठ. हिंदुस्थानातल्या देवाने सांगितलंय की तू जिवंत आहेस."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, आणि मग उठून बसला. त्यानंतर तो छान तीस वर्षं जगला. पुढे बंदी उठली. खेळायचं वय गेलं होतं म्हणून रेल्वेच्या पोरांच्या सामन्यांना पंच झाला. जिल्ह्यातला सर्वांत बेकार पंच. काहीही झालं की शिट्टी, काही नाही झालं तरी शिट्टी. लोक वैतागायचे, तर तो म्हणायचा, माझ्या कितीतरी शिट्ट्या वाजवायच्या राहिल्यात. आजारी पडला की डॉक्टरला सांगायचा, मला हिंदुस्थानी देवाची हमी आहे.

बाईने पर्समधून पितळेची एक शिट्टी काढली, झिजून गुळगुळीत झालेली. "जाताना त्याने सांगितलं, ही त्या देवाला नेऊन दे. मला पासपोर्ट मिळायला इतकी वर्षं लागली."

मामाने शिट्टीला हात लावला नाही. तो रडत होता. उघड, आवाज काढून. रडता रडता त्याने सगळं सांगितलं, डावी पाकळी, कोठाराचं दार, खोटं. मालवणीत, भरभर, आणि शेवटी मला म्हणाला, "सांग तिका."

बाई माझ्याकडे बघत होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मी काहीही सांगू शकत होते. आनंदाश्रू आहेत म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी चार दिवस मामाला खऱ्याखोट्याचं व्याख्यान देत होते आणि मामी दारात उभी होती. मी शब्दन्‌शब्द खरा सांगितला.

बाईने शिट्टी खाली ठेवली. मग बोटांवर मोजल्यासारखं करत तिने मला विचारलं, "देव म्हणाला, मेला?"

"हो."

"आणि हा म्हणाला, जिवंत?"

"हो."

तिने शिट्टी उचलली आणि मामापुढे धरली. "मग ही याची."

मामा पाटावरून मागे सरकला. देवासाठी आणलेली वस्तू, आणि घ्यायची देवाचा शब्द फिरवणाऱ्याने? भाऊ तीस वर्षं जगला म्हणजे देवच चुकला होता, हे मी त्याला तीनदा समजावलं. त्यामुळे तो आणखीच घाबरला. आता त्याला स्वतःची आणि देवाची, दोघांचीही काळजी लागली. शेवटी मामी म्हणाली, "उद्या देवाक विचारा आणि मोकळे व्हा. तिची गाडी अकराची आसा."

सकाळी आम्ही चौघं देवळात गेलो. जुन्या गुरवाचा मुलगा आता गुरव होता. चाळीस वर्षांनी मामाने उंबरा ओलांडला, मामीचा खांदा धरून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझो शब्द फिरवलो, म्हाराजा." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." "तेची चूक झाली, ती पदरात घी, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." बाईसुद्धा डोक्याचं फडकं सारखं करून म्हणत होती, "वय माराजा." "तू माफ केलं असशीत आणि ही शिट्टी तेणां घेतलेली तुका चलत असात, तर उजवो दी, म्हाराजा."

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. मामाने हात जोडून डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं. बाईने मला हळूच विचारलं, डावी पडली तर? मी म्हटलं, तर तो शिट्टी घेणार नाही, आणि स्वतःला कधी सोडणारही नाही. मामाचे ओठ हलत होते. मीही पाकळ्यांवरून नजर हलवली नाही, पाकळी वाळली की पडते हे मला ठाऊक असूनही.

डावी पडली.

मी बघितली, मामीने बघितली, बाईने बघितली. गुरवाने तर बघितलीच.

"पडलो?" मामा म्हणाला. "खंय पडलो गो?"

शाळेत नोकरी लागल्यापासून मी मामाशी प्रमाण मराठीतच बोलत आले होते. इंग्रजीची बाई म्हटल्यावर तेवढा तोरा हवाच. तेव्हा मात्र तोंडातून आलं ते असं:

"उजवो, मामा. उजवो पडलो."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मग वाकून ती पाकळी उचलली, मुठीत धरली आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मामी म्हणाली.

एसटी स्टँडवर बाईने शिट्टी मामाच्या गळ्यात घातली. त्याने ती तिथल्या तिथे अशी फुंकली की मागे घ्यायची खूण समजून ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि कंडक्टर शिव्या देत धावला. बाई खिडकीतून रुमाल हलवत गेली. पुढे मामाने किनाऱ्यावर त्या शिट्टीने उच्छाद मांडला. शाळेत तिसऱ्या मजल्यावर मला वाऱ्याबरोबर ऐकू यायची. ज्याला त्याला सांगायचा, देवान माका माफ केल्यान. आणि उठसूट कौल घ्यायला लागला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनलासुद्धा. त्याला उजवा पडला, खराखुरा, मी स्वतः बघितला.

काही वर्षांनी मी मालवणबाहेर छोटी जागा घेऊन घर बांधलं. विहीर खणायची होती. मामी म्हणाली, कौल घी. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. मामीने माझ्याकडे बघितलं आणि कळशी उचलून ती शेजारच्या विहिरीकडे निघाली.

मनाला येईल तिथे खणली. पाणी लागलं. मचूळ.